चिकाचे डाग आणि बत्तीस घरं

दिवसा मी फ्लेक्स करतो. भुसावळात, एका गाळ्यात, कोरल ड्रॉवर. दहा बाय आठचा फ्लेक्स, मधोमध वाढदिवसवाल्या भाऊंचा गॉगल लावलेला फोटो, मागे वाघ नाहीतर सूर्य, खाली शुभेच्छुकांची तीस-चाळीस तोंडं, आणि नावाला आधी पिवळी आउटलाइन, तिच्यावर लाल, तिच्यावर परत पांढरी, आणि एवढं सगळं करून गिऱ्हाईक म्हणतंच, "भो, नाव उठून नाही दिसू राह्यलं." रात्री जेवण झालं की तोच हात, तोच माउस घेऊन मी बत्तीस बाय बत्तीसच्या कॅनव्हासवर माणसं काढतो. बत्तीस आडवे, बत्तीस उभे, सगळे मिळून १,०२४ चौकोन. दिवसा भाऊंच्या नुसत्या मिशीला याच्या कितीतरी पट पिक्सल लागतात आणि रात्री तेवढ्यात अख्खा माणूस बसवायचा, कपड्यांसकट.

हे खूळ लागलं मावसभावामुळे. तो पुण्याला आयटीत आहे, त्याला एक छोटा गेम करायचाय, केळीच्या बागेतला. मजूर घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत पळतो, मधे ठिबकच्या नळ्या, चिखल, एखादा कुत्रा, नळीत पाय अडकला की घड खाली. कोडिंग तो करणार, चित्रं माझ्याकडे, कारण खानदानात "डिझायनर" मी एकटाच. मी म्हटलं बत्तीस चौकोन तर आहेत, एका रात्रीत काढतो. आणि काढला पण. दणकट मजूर, खांद्यावर पिवळाधम्मक घड, सगळीकडून काळी आउटलाइन, अंगाला झकास शेडिंग. मावसभावाने तो त्याच्या ओळखीतल्या एका गेम आर्टिस्टला दाखवला, तिकडून एका ओळीत उत्तर आलं, कलर मडी आहेत, म्हणजे गढूळ, लाइन जॅगी आहे, म्हणजे खडबडीत, कॅरॅक्टर वाचलं जात नाही, म्हणजे बघताक्षणी ओळखू येत नाही. बास. दोन दिवस मी तो मेसेज काढून काढून बघितला. मडी म्हणे. बारा वर्षं रंगात हात आहे माझा, अन हा मला मडी सांगतोय.

मग एका रविवारी जरा डोकं शांत करून चित्र परत उघडलं आणि पटलं की माणूस खरं बोलला. रंगाचं पार भरीत झालं होतं. वांगं, मिरची, कांद्याची पात सगळं एकत्र ठेचून जो एक रंग होतो ना, तसा.

पण आधी लाइनचं सांगतो, कारण ती आईने पकडली.

मी झूम करून बसलेलो, आई मागून चहा घेऊन आली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "काय रे, याचा हात मोडेल आहे का?" मी म्हटलं अगं घड धरलाय त्याने, हात वर केलाय. "धरला असंल, पण मोडेल दिसू राह्यला." आणि बोट थेट कोपरावर ठेवलं. मला काहीच दिसत नव्हतं. माझ्या लेखी ती एक छान वळणदार रेघ होती. ती म्हणाली, "घरं मोज."

आमच्याकडे आईला दोसुतीचा नाद. आता डोळ्यांमुळे कमी झालाय पण एकेकाळी घरात जे जे सपाट होतं त्यावर तिचं भरतकाम होतं, उशा, टेबलक्लॉथ, देवघराचा पडदा, आणि टीव्हीवर टाकायचं कव्हर, त्यावर समोरासमोर बसलेले दोन पोपट आणि मधे कुंडी. मॅटीचं कापड, त्याला विणीतच चौकोन, प्रत्येक चौकोनात एक फुली. ती त्याला घर म्हणते. चार घरं लाल, दोन घरं सोडून द्यायची, परत तीन लाल. मी पिक्सल म्हणतो तेच हे. फरक एवढाच की माझ्याकडे अनडू आहे आणि तिला उसवावं लागतं, म्हणून ती टाका घालायच्या आधी विचार करते आणि मी नंतर.

तर मोजली घरं. खांद्यापासून कोपरापर्यंतच्या बाहेरच्या कडेला माझ्या आडव्या पायऱ्या अशा होत्या, ३, मग १, मग २, मग १, मग परत ३. आई म्हणाली गोल असा येतच नाही. गोलाला आधी चार, मग दोन, मग एक, तिथून उभं व्हायचं, उभे दोन, उभे चार. उतरत जायचं आणि मग चढत जायचं. "मधीच तीन घातला की गोलाले गाठ येते." गाठ! बाहेरची मंडळी याला जॅगी म्हणतात, त्याच्यावर लांबलांब ट्युटोरियल आहेत, मी त्यातली निम्मी बघितली होती, पण गाठ म्हटल्यावर जे कळलं ते त्यात नाही कळलं. रेघेच्या पायऱ्यांची लांबी हळूहळू बदलली पाहिजे, एकदम उडी मारली की डोळा तिथे अडखळतो, ठिबकच्या नळीत पाय अडकल्यासारखा. सरळ तिरकी रेघ असेल तर त्याहून सोपं, सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवा, दोन-दोन-दोन किंवा तीन-तीन-तीन. दोनास एक अशी रेघ म्हणूनच एवढी वापरतात, ती कधीच थरथरत नाही.

दुसरी भानगड कोपऱ्यांची. माउसने रेघ ओढली की वळणावर तीन पिक्सल एकमेकांना चिकटून एल आकार होतो. एक फालतू पिक्सल. तो एकटा काही दिसत नाही पण असे दहा झाले की रेघ जाडी-बारीक, जाडी-बारीक दिसते, जसं काही पेनाची शाई मधेच ओघळली. एसप्राइट या पिक्सल चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलला पिक्सल परफेक्ट नावाची एक टिक असते, ती केली की ते कोपरे आपोआप उडतात. ही टिक मला दोन महिने माहीतच नव्हती, हाताने पुसत बसायचो. पण टिकने फक्त कोपरे जातात, गाठ जात नाही. गाठ मोजूनच काढावी लागते.

आणि एक गंमत वाचायला मिळाली ती आईला सांगितली. १९८४ ला ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला, त्यातले आयकॉन सुझन केअर नावाच्या बाईने काढले. आयकॉन बत्तीस बाय बत्तीसचे, काळे-पांढरे, सुरुवातीला तर तिने ते आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून काढले होते. आणि कॉम्प्युटरशी तिचा आधी काही संबंध नव्हता, पण मोझॅक आणि आपल्या दोसुतीसारखं घरं मोजून करायचं भरतकाम तिने केलेलं होतं, तेच कामाला आलं असं तिने स्वतःच सांगितलंय. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिले पगार किती होता?"

पगाराचं काही सापडलं नाही. पण त्या दिवसापासून मी अख्ख्या मजुराच्या कडेकडेने घरं मोजत फिरलो. डोकं, पाठ, पोटरी. एक संध्याकाळ फक्त पोटरीत गेली. कोणाला सांगितलं तर हसतील.

आता रंग. इथे मला शहाणपण कमी आणि सवयी जास्त होत्या. फ्लेक्सच्या धंद्यात रंग म्हणजे शंभर टक्के. पिवळा म्हणजे पिवळा, लाल म्हणजे लाल, कारण तो चौकात, उन्हात, धुळीत, रिक्षातून जाणाऱ्या माणसाला दिसला पाहिजे. तीच सवय इथे आणली आणि सावली करायची म्हटलं की त्याच रंगात काळं मिसळायचं, म्हणजे स्लायडर खाली ओढायचा. अजून सावली, अजून खाली. आणि ती सावली पण कशी, तर सगळ्या कडांना गडद आणि मधे उजेड, हातालाही तसं, पायालाही तसं, घडालाही तसं. याला पिलो शेडिंग म्हणतात, उशीसारखं फुगलेलं. उजेड कुठून येतोय याचा विचारच नाही. माझा मजूर बागेत उभा नव्हता, कापूस ठासून भरलेला होता.

तोंडाच्या रंगाचं तर वेगळंच दुखणं. ट्युटोरियलमध्ये कातडीचा रंग सांगतात तो गुलाबी, त्याची सावली जरा लालसर, उजेड पिवळट, झालं. तो घेतला तर माझा मजूर इंग्लंडहून केळी उचलायला आल्यासारखा दिसायचा. मग मी स्वतः तपकिरी घेतला आणि नुसता अंधारा करत गेलो तर खालच्या शेडा शेवभाजीच्या तळाला राहिलेल्या गाळासारख्या. हाच तो मड. आपल्याकडच्या माणसाच्या तोंडावरची सावली अशी नसते, हे मला रोज आरशात दिसत होतं पण बघितलं नव्हतं.

बघितलं ते बागेत जाऊन. मावशीचं सासर सावद्याकडचं, काकांची केळी आहे. मे महिना, भुसावळात पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि बागेत शिरलं की एकदम दहा पावलं आत गार. मोबाइलमध्ये चित्र घेऊन गेलो होतो, काकांना दाखवलं. त्यांनी रुमालाने डोकं पुसलं, मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "शेतात पिवळी केळी कोणी कापली रे भो?"

लाज वाटली हो. केळीच्या मुलखातला मी. घड हिरवाच कापतात, पिकवायचं काम नंतर, केळी सावदा-रावेरहून रेल्वेच्या डब्यात नाहीतर ट्रकमध्ये बसून दिल्लीकडे जाते, पिवळी निघाली तर पोहोचेपर्यंत शिकरण होईल. हे मला माहीत होतं. पण केळी म्हटल्यावर हात आपोआप पिवळ्यावर गेला, जसा फ्लेक्सवर सूर्य म्हटल्यावर जातो. बऱ्याच चुका अशाच असतात बहुतेक, आपण वस्तू नाही काढत, वस्तूचं नाव काढतो.

मग तिथेच बांधावर बसून एक-दीड तास नुसतं बघितलं. कटाई चालू होती. एक जण कोयत्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावर झेलतो, खाली पानाची नाहीतर चिंधीची गादी. पानावर जिथे थेट ऊन, तिथे हिरवा चक्क पिवळ्याकडे झुकलेला, पोपटी. त्याच पानाची सावलीतली बाजू निळसर हिरवी, जवळजवळ विटलेली. उजेडातला हिरवा आणि सावलीतला हिरवा हे एकाच रंगाचे फिके-गडद भाऊ नव्हतेच, दोघांचं आडनाव वेगळं होतं. कारण समजायला फार अवघड नाही. थेट ऊन पिवळट, आणि सावलीत जो काही उजेड पोहोचतो तो बराचसा आभाळाकडून येतो, निळा. म्हणून सावलीत रंग नुसता काळा पडत नाही, तो निळ्या-जांभळ्याकडे सरकतो. पिक्सलवाले याला ह्यू शिफ्ट म्हणतात. मी तो शब्द पाठ केला होता, पान बघितलं नव्हतं.

आणि घड वाहणाऱ्या त्या माणसाचं तोंड. उन्हातली गालाची कड गुळासारखी, खाली मानेजवळची सावली जांभळट लाल, पिकल्या जांभळाच्या आतल्या बाजूसारखी. घरी येऊन ते पकडायला दोन रात्री गेल्या. आकडे देतो, कोणाला उपयोगी पडले तर पडले, लाल-हिरवा-निळा या क्रमाने. सगळ्यात गडद ६१, २८, ४१. त्यावर ११२, ५८, ४८. मग १६६, ९८, ६२. आणि उजेडाला २१४, १५०, ९२. रंगचक्रावर बघाल तर हे ३३६ अंशावरून निघून शून्य ओलांडतात आणि ९, २१ करत २८ च्या आसपास येतात, म्हणजे वाइनकडून नारिंगीकडे चालत येतात. आधीच्या माझ्या चार शेडा सगळ्या एकाच अंशावर उभ्या होत्या, रांगेत, सरकारी कचेरीत असतात तशा.

अजून एक गोष्ट बागेत दिसली जी माझ्या चित्रात नव्हतीच. त्याचा शर्ट. पांढरा शर्ट, आणि त्यावर काळपट तपकिरी डाग, खांद्यावर, पोटावर, बाहीवर. केळीचा चीक. कापल्या कापल्या पाण्यासारखा दिसतो, अंगावर पडला तरी कळत नाही, मग वाळून काळा होतो आणि कितीही धुवा, जात नाही. काका म्हणतात चिकाचा शर्ट वेगळाच ठेवावा लागतो. तो डाग टाकल्याबरोबर माझा मजूर मजूर झाला. पण तिथेही आधी शेण खाल्लंच. सगळ्या शर्टवर एकेक पिक्सल शिंपडला, डाग म्हणून. लांबून बघितलं तर डाग नाही, घाण. मॉनिटरवर माशी बसल्यासारखं. एकटा पिक्सल आजूबाजूला सोबत नसेल तर बहुतेक वेळा किरकिरच वाटतो. शेवटी तीनच डाग ठेवले, खांद्यावर चार घरांचा, पोटावर तीन, बाहीवर दोन. ते वाचले जातात. एकटं घर फक्त डोळ्याला परवडतं. डोळा एक पिक्सल आहे माझ्या मजुराचा, आणि तो एक घर खाली सरकवला की माणूस थकला, एक घर पुढे सरकवला की कुठेतरी बघतोय. त्या एका पिक्सलवर जेवढा वेळ गेला तेवढ्यात दिवसा दोन फ्लेक्स होतात.

आता ते "वाचलं जात नाही"वाल्या तक्रारीकडे. त्याचं उत्तर मला एका जुन्या आठवणीत मिळालं.

लहानपणी आमच्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. शेजारच्या दादाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, मे महिन्याच्या सुट्टीत तो दुपारी दोन तास आमच्याकडे यायचा कारण त्यांच्याकडे आजोबा झोपायचे. पोपटांचं कव्हर वर उचलायचं, कॅसेटमध्ये फुंकर मारायची, लावायचं. त्या ब्लॅक अँड व्हाइटवर मी मारिओ खेळलोय. तो लाल असतो हे मला नंतर कळलं! पण खेळताना कधी अडलं नाही, टोपी कुठे, हात कुठे, सगळं दिसायचं. एकाच वेळी जास्त शत्रू एका रांगेत आले की चित्र लुकलुकायचं आणि आम्ही टीव्हीच्या डोक्यात चापट मारायचो. टीव्ही बिचारा निर्दोष होता, ते मूळ जपानी मशीन, १९८३ चं, आडव्या एका ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवू शकायचं, नववा आला की कोणाला तरी गायब व्हावं लागायचं. आमचं मशीन त्याचीच नक्कल.

त्याच मशीनवर एका स्प्राइटला तीनच रंग मिळायचे, चौथा म्हणजे आरपार. मारिओचे तीन रंग मोजा, टोपी आणि डांगरी लाल, कातडी एक, आणि तिसरा तपकिरी तो केसालाही, मिशीलाही, शर्टालाही आणि बुटालाही. गरिबाघरी एकाच कापडाचे सगळ्या पोरांचे शर्ट शिवतात तसं. आणि मिशी तरी का? १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा एवढ्याशा तोंडात नाक आणि ओठ वेगळे दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो गेम करणाऱ्या मियामोतोने मोठं नाक आणि खाली मिशी दिली. केस हलवायला नकोत म्हणून टोपी, हात अंगापासून वेगळा दिसावा म्हणून डांगरी. अडचणीतून झालेला माणूस आहे तो सगळा.

तर मी माझा मजूर ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला. नुसता सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शून्यावर. आणि काय, घड, पँट, कातडी सगळं एकच राखाडी. रंग वेगळे होते पण उजेड-अंधार एक होता. शेजारच्या दादाच्या मशीनवर हा गेम असता तर मला घड दिसलाच नसता. मग परत बसलो. घडाचा उजेड वर चढवला, पँट खाली नेली, कातडी मधे. आधीच्या चित्रात सत्तावीस रंग होते. सत्तावीस! एका रंगाच्या इतक्या जवळजवळच्या शेडा की मलाच कोणती कुठे ते आठवत नव्हतं. आता दहा आहेत. कातडीचे चार, शर्टाचे दोन, त्यातला सावलीचा निळसर राखाडी, घडाचे तीन, पँटीचा एक. केसाला वेगळा रंग नाही, कातडीचा सगळ्यात गडद वाइनच तिथे. चिकाचा डाग म्हणजे कातडीची दुसरी शेड. घडाच्या फण्यांच्या मधली खाच, परत तोच वाइन. एकच रंग चार ठिकाणी कामाला लावला की चित्र आपोआप एकमेकांशी बोलायला लागतं, वेगळं काही करावं लागत नाही.

घडात आधी मी प्रत्येक केळ सुटं काढलं होतं. नऊ घरं रुंदीत! नुसत्या रेघाच रेघा. आता फणी काढतो, केळ नाही. एका फणीला तीन-चार घरांचा पोपटी ठिपका, खाली एक गडद ओळ, पुढची फणी जरा सरकवून. लांबून बघणारा स्वतःच केळी मोजतो.

आउटलाइनचं मात्र माझं अजून पूर्ण समाधान नाही. सगळीकडून काळी केली की स्टिकर वाटतो, फ्लेक्सवर कापून चिकटवलेला. म्हणून उजेडाच्या बाजूला, खांद्यावर आणि डोक्यावर, आउटलाइन काढून टाकली किंवा तिथल्याच रंगाची गडद केली, आणि खाली, काखेत, घडाच्या पोटाखाली वाइन ठेवली. सुंदर दिसलं. मग मावसभावाने ते गेममध्ये टाकलं, मागे बागेचा गडद हिरवा, आणि मजुराचे पाय गायब. सुट्या पांढऱ्या कॅनव्हासवर बघून घेतलेले निर्णय बागेत उभं राहिल्यावर कोलमडतात. शेवटी मजुराला हात न लावता मागची बाग फिकी केली, जरा धुळकट, सकाळी सातपुडा दिसतो ना तशी. माझ्या मते ते बरोबर झालं, मावसभावाच्या मते बाग आजारी वाटते. हा वाद चालू आहे.

कडा मऊ करायला मधल्या शेडचे पिक्सल टाकतात, अँटी-अलायझिंग, ते मी बाहेरच्या कडेला करतच नाही, कारण मागे काय येईल ते माहीत नसतं आणि मजुराभोवती धुक्याचा काठ दिसतो. आत, गाल आणि नाकाच्या मधे, किंवा शर्टाच्या घडीला, एखाद-दुसरा टाकतो. आणि तो मधला पिक्सल पायरीच्या बरोबर लांबीइतका टाकायचा नसतो, तसा टाकला की सावलीची कड आउटलाइनला चिकटून समांतर चालते आणि रेघ गुळगुळीत व्हायच्या ऐवजी अजूनच जाड दिसते. बँडिंग. नवीन माणूस मऊ करायला जातो आणि पट्टे पाडून येतो. मी पाडलेत.

बाकी एक व्यवहाराचं. हे चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. मी पाठवलं होतं त्या आर्टिस्टला तसंच, दाबून दाबून त्याचे सगळे चौकोन वितळले होते. आधी चार किंवा आठ पट मोठं करा, पूर्ण पटीत, साडेतीन वगैरे नाही, मोठं करताना निअरेस्ट नेबर हा पर्याय निवडा, त्यात चौकोन चौकोनच राहतात, पीएनजी करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे त्याने मडी म्हटलं त्यात थोडा वाटा व्हॉट्सॲपचा होता. थोडाच.

नवीन मजूर त्याला पाठवला. उत्तर आलं, अंगठा. नुसता अंगठा. मावसभाऊ म्हणतो तो कोणालाच अंगठा देत नाही. असेल.

आईने चित्र बघितलं तेव्हा हाताबद्दल काही बोलली नाही, म्हणजे हात जुळला. चपलेबद्दल बोलली, "दोन्ही एकाच पायाच्या आहेत." आहेत, दोन घरात डावी-उजवी कशी दाखवायची. मग म्हणाली मला छापून दे, मोठ्या चौकोनात. दुकानात ए-थ्रीवर ग्रिडसकट प्रिंट मारली, आणि ती आता मजूर दोसुतीवर भरतेय. दोरे निवडायला मॉनिटरजवळ आलीच नाही, प्रिंट घेऊन अंगणात गेली, लड्या कागदावर ठेवून ठेवून उन्हात बघितल्या, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो म्हणे. माझा तो वाइन, ज्याच्यासाठी मी दोन रात्री जागलो, तो दोरा दुकानात नव्हता. तिने सरळ एक मळका जांभळा उचलला. मी म्हटलं अगं हा फार जांभळा आहे. "लांबून बघ मंग बोल."

लांबून बघितलं. मानेखाली तो जांभळा माझ्या वाइनपेक्षा चांगला बसलाय. रात्री फाइल उघडून ६१, २८, ४१ चा निळा ४१ वरून ५२ केला, गुपचूप.

शर्ट झालाय, डाग झालेत, डोळ्याची एक फुली घालून झालीय. घडाच्या खालच्या दोन फण्या तेवढ्या रिकाम्या आहेत कारण पोपटी संपला आणि त्या नंबरची लडी भुसावळात कुठेच मिळेना. या आठवड्यात कोणी जळगावला फुले मार्केटकडे जाणार असेल तर सांगा, नंबर पाठवतो.